मला खीर चालत नाही

मी एक जिवाणू बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, दिसणार नाही. सुईच्या टोकावर आमचं अख्खं गाव मावतं. पुष्कळ जण एका जागी दाटीवाटीनं बसलो की गुलाबी डाग पडतो, तेवढीच आमची ओळख. सध्या मुक्काम वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला, पंजाबरावांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका स्टीलच्या टाकीत. खालून हवेचे बुडबुडे येतात, वरून थेंबथेंब अन्न पडतं आणि मी खात असतो. खरं सांगायचं तर दमलोय. तुम्ही दमलात की आडवे होता. मी दमलो की माझे दोन होतात, आणि दोघेही दमलेलेच असतात.

आमच्यात आई-बाप असं काही नसतं. एकाचे दोन, दोनाचे चार, सगळे मीच. त्यामुळे जन्माची हकीगत सांगायला मला कुणा म्हाताऱ्याला विचारावं लागत नाही. आणि हे सगळं तू ऐकतोस कसा, असं विचारू नका. कान नाहीत, कबूल. पण ज्याची कातडी एवढी पातळ, त्याला चार भिंतींतलं बोलणं लागतंच.

माझा जन्म पंजाबरावांच्याच शेतात, सोयाबीनच्या पानावर झाला. पानाच्या खालच्या अंगाला, शिरेच्या आडोशाला. तुम्हाला पान नुसतं हिरवं दिसतं. पण कोवळं पान वाढताना श्वास सोडतं, आणि त्या श्वासात मिथेनॉल नावाच्या स्पिरिटचा किंचित अंश असतो. तेच माझं अन्न. साखरेत म्हणे कार्बनची अख्खी माळ असते. माझ्या अन्नात एकच मणी. त्या एका मण्यावर मी जगतो, त्यातूनच अंग बनवतो, आणि माझं अंग म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीनच. हाच माझा गुण, आणि पुढची सगळी दगदग यातूनच निघाली.

गुलाबी रंगही हौसेचा नाही. इकडच्या उन्हात बाहेर पडायचं तर माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात ना, तसा तो माझा दुपट्टा. त्या वेळी मला दुसरं काही काम नव्हतं. सकाळी पानानं श्वास सोडला की थोडं खायचं, दुपारी रंग पांघरून पडून राहायचं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

एका सकाळी पंजाबरावांची थोरली मुलगी धम्मदीपा शेतात आली. ती कॉलेजात जिवाणूंचंच शिकत होती. तिच्या हातात झाकणाची चपटी बशी होती आणि बशीत खरवसासारखा थिजलेला थर. तिनं माझं पान अलगद वाकवलं, थरावर दाबलं आणि सोडून दिलं.

पंजाबराव बांधावरून बघत होते. म्हणाले, "काय करून राह्यली व? सोयाबीनचा अंगठा घेतं काय?"

"हाव बाबा, अंगठाच घेतो," ती हसून म्हणाली.

आणि खरंच, काही दिवसांनी त्या बशीत सोयाबीनच्या पानाचा गुलाबी ठसा उमटला. तो मी. तिनं बशी उजेडात धरली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं आपल्या हातून काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय. एवढासा जीव मी, भुललो.

मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी शाळा सुरू झाली. काचेच्या बुधल्यात पाणी, चिमूटभर क्षार आणि मिथेनॉल. बुधला हलत्या फळीवर ठेवला, तो दिवसभर हिंदकळायचा. पानाच्या श्वासात असतं त्याच्या कितीतरी पट स्पिरिट. जे हळू खात होते ते मागं राहिले, जे भराभर खात होते त्यांनाच ती पुढच्या बुधल्यात न्यायची. तिथं जरा अंगवळणी पडलं की पुन्हा स्पिरिट वाढवायची. तीन वर्षं हेच. धम्मदीपाला घाईची जात हवी होती, आणि मी घाईचा झालो. आळशी होतो तेव्हा सुखी होतो, हे तिला कोण सांगणार?

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कोंबड्यांच्या खाद्यात प्रोटीनसाठी सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड घालतात, मासळीची भुकटी घालतात. त्यातला काही वाटा टाकीत पिकवता आला, ना शेत लागत ना पाऊस, तर बिघडलं कुठं? ती हे घरी समजावून सांगायची तेव्हा पंजाबराव तिची फिरकी घ्यायचे. "म्हंजे सोयाबीनवर जलमलेला हा जीव सोयाबीनच्याच पोटावर पाय देनार? अन् तो बी माह्याच घरात पोसून?" पण घरामागचं शेड त्यांनीच उभं केलं, मिथेनॉलचा परवाना काढायला वाशीमच्या कचेरीत खेटे त्यांनीच घातले, आणि ड्रमच्या कुलपाची चावीही तेच कमरेला बांधून हिंडतात. ते स्पिरिट चुकून कुणाच्या पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, म्हणून.

शेडमध्ये आल्यापासून माझं रोजचं एकच. खा, वाढा, पाणी दाट करा. दाट झालं की धम्मदीपा टाकीतलं बरंचसं काढून घेते, तापवते, ताटांत वाळवते, आणि त्याचं गुलाबी पीठ होतं. पीठ झाला तो मी गेला. टाकीत उरला तो मी पुन्हा खायला लागला. याचं दुःख करायचं की नाही, तेवढा विचार करायलाही फुरसत नसते.

या शेडमध्ये मला एकच माणूस माणसासारखं भेटलं, ते म्हणजे धम्मदीपाची आई, लिलाबाई. शेतातून आली की ती टाकीजवळच्या पंख्याखाली पदरानं घाम पुसत बसायची आणि टाकीशी बोलायची. वाळायला घातलेली मिरची, दुखणारा गुडघा, शेजारणीची सून, सगळं मला माहीत झालं. मला ती "लेकराईहो" म्हणायची. मिथेनॉलला म्हणायची इख, म्हणजे विष. "बारा महिने इखच पाजते माही पोरगी तुमाले," असं म्हणून ती टाकीच्या पत्र्यावरून हात फिरवायची. तो हात गरम असायचा आणि मला उगाच वाटायचं, की आपलं कुणीतरी आहे.

धम्मदीपानं आईला कामं नीट नेमून दिली होती. थेंब पडणारा नळ किती उघडायचा ते, बुडबुड्यांचा आवाज बदलला तर हाक मारायची ते. आणि एक नियम तिनं पुन्हापुन्हा सांगितला होता. टाकी धुतली की ते गुलाबी पाणी मागच्या चुन्याच्या खड्ड्यातच ओतायचं. त्यात जिवंत जिवाणू असतात, बाहेर जाता कामा नयेत.

लिलाबाईनं त्यातलं एकच ऐकलं, की पाण्यात जिवंत काहीतरी आहे. जिवंत पाणी चुन्यात कसं ओतायचं? वस्तीतल्या विहारासमोर पिंपळाचं एक झाड आहे, बोधिवृक्ष म्हणून लावलेलं, अजून माणसाच्या डोक्याएवढंच उंच. विहार झाडून काढायचा आणि झाडाला पाणी घालायचं, हे काम बायका आळीपाळीनं करतात. लिलाबाई आपली पाळी असो नसो, टाकी धुतली की बादली तिकडेच न्यायची. अर्धं पाणी बुडाशी ओतायची, अर्धं ओंजळीनं पानांवर शिंपडायची. लेकीला मात्र सांगायची नाही.

तिचं ते शिंपडणं मी कधी विसरणार नाही. वसंतात पिंपळाला नवी पानं फुटली, तांबूस, लुसलुशीत, माझ्याच रंगाची म्हणा ना. मी त्यांच्यावर जाऊन पडलो. सकाळ झाली आणि पानानं श्वास सोडला. तेच जुनं अन्न, तेवढंच थोडं. कुणी ढवळत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. मी रंग पांघरला आणि किती तरी दिवसांनी स्वस्थ पडलो. म्हणजे एक मी टाकीत राबत होतो आणि एक मी पिंपळाच्या पानावर झोपलो होतो. हे फक्त लिलाबाईला माहीत होतं, आणि तिलाही आपण काय केलंय ते कळलेलं नव्हतं.

वैशाख आला. घरात सगळ्यांच्या मनावर एक ओझं होतं. धम्मदीपाला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं. तिनं बापाला सांगितलं होतं, "बाबा, मानोऱ्याच्या पिल्लाईवर हे पीठ चांगलं लागू झालं तं मी इथंच राह्यतो. नाही लागू झालं तं मंग टाकी धुऊन ठेवतो अन् पुन्याले जातो." मानोऱ्याजवळच्या तांड्यावर फुलसिंग नावाचा गडी कोंबड्या पाळतो. त्यानं पिल्लांची एक तुकडी गुलाबी पिठावर आणि एक नेहमीच्या खाद्यावर वाढवली होती. त्यांची वजनं करायचा दिवस नेमका बुद्धपौर्णिमेला आला. कोंबडीच्या पिल्लांना पौर्णिमा कळत नाही. ती वाढायची तेव्हा वाढतात. धम्मदीपा सकाळच्या जीपनं मानोऱ्याला गेली.

जाताना आईला म्हणाली, "आज टाकीले कायचाच हात नको लावू. उद्या दुपारलोक येतो मी."

"नाही लावत व. जाय तू."

आदल्याच आठवड्यात लिलाबाई टाकीला म्हणाली होती, "पुन्याले गेली तं सणावारालेच येईन. अन् मंग तुमी बी जासान. मी कोनाशी बोलू?" त्यामुळे पौर्णिमेच्या दिवशी तिचा फोन वाजला तेव्हा टाकीतला मीही, दमलेला असून, थांबून ऐकलं.

"आई, पिल्लं लय चांगली निघाली!" धम्मदीपा फोनमध्ये ओरडतच होती. "आपल्या पिठाची तं दुसऱ्याईपेक्षा बी भारी हायेत. फुलसिंगदादा पुढच्या लॉटले हेच मांगून राह्यले."

मागून फुलसिंगचा आवाज आला. "काकू, जय भीम! आखाड लागाच्या आत पाठवा म्हना. पिल्लं आली का मले थांबता नाही येत, मंग मी जुनंच खाद्य टाकतो."

"पाठवतो म्हना, पाठवतो," लिलाबाई म्हणाली.

"आई, म्या ठरवलं," धम्मदीपा म्हणाली. "मी नाही जात पुन्याले. येऊन त्याईले कळवून टाकतो."

फोन ठेवल्यावर लिलाबाई डोळे पुसून विहारात गेली. तिथं वंदना झाली, खीर झाली. बुद्धपौर्णिमेला या वस्तीत कुणाच्या घरी खीर पोचली नाही असं होत नाही. आजाऱ्याला नेऊन देतात, परगावच्या पाहुण्याला बोलावून देतात, वाटेनं जाणाऱ्यालाही थांबवतात. दूध, तांदूळ, साखर, वेलची. आपल्या वाटणीची वाटी घेऊन ती घरी आली, आणि सरळ शेडमध्ये आली.

मला तिचा चेहरा दिसत होता. एवढी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "समद्या गावानं खाल्ली. माह्या पोरीले ज्याईनं घरी ठेवलं, ते लेकरंच उपाशी? आज तरी इख नका पिऊ." तिनं खिरीत पाणी घालून ती पातळ केली, टाकीचं झाकण उघडलं आणि वाटी माझ्यात रिकामी केली. बोटानं पुसूनसुद्धा घेतली.

बाई गं, काय केलंस!

तिला कसं सांगावं, की ते इख हेच आमचं कुंपण होतं. मिथेनॉल होतं म्हणून दुसरं कुणी आमच्या टाकीत पाय ठेवत नव्हतं. गोडावर जगणारे तर सगळीकडे असतात, हवेत, हातावर, वाटीच्या काठावर. दूध आणि साखर आली आणि ते जत्रेला यावं तसे आले. घाईची जात म्हणून मला तीन वर्षं घडवलं होतं, पण त्यांच्यापुढं मी गोगलगाय. त्यांनी हवा संपवली. त्यांनी पाणी आंबट केलं. वरून थेंब पडत होता, पण खायची माझ्यात ताकद नव्हती. उजाडेपर्यंत टाकीतला गुलाबी रंग जाऊन पांढुरका, बुळबुळीत फेस आला होता.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपा आली ती हसतच. फुलसिंगनं दिलेल्या अंड्यांची पिशवी तिच्या हातात होती. शेडच्या दारातच ती थांबली. आंबट वास आला होता. तिनं झाकण उघडलं आणि पिशवी तशीच खाली ठेवली.

"आई, यात काय टाकलं?"

लिलाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. "काही नाही व. जराशी खीर. पौर्निमा होती ना. तुह्या खुशीची..." एवढ्यात तिनंही टाकीत पाहिलं. "काहून असं झालं हे? मेले काय?"

"तुले सांगतलं होतं ना हात लावू नको म्हनून!"

"गोडच टाकलं ना, माय. काही वाईट नाही टाकलं."

धम्मदीपानं घरच्या फ्रीजमधली, बियाण्यासारखे जिवाणू जपून ठेवायची नळी काढली, तर ती रिकामी. तिच्यातूनच तर ही टाकी लावली होती. कॉलेजात ठेवणीतल्या नळ्या होत्या. तिथं फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, सुट्टी लागली तेव्हाच फ्रीजर बंद केला, आतलं सगळं पाणी होऊन वाहिलं. तिनं फोन ठेवला. शेतात बघावं तर वैशाखात सोयाबीन कुठलं, नुसती उन्हानं भेगाळलेली काळी जमीन. आणि नव्या पानावरून नवा जिवाणू घेतला असता तरी तो माझ्यासारखा घाईचा व्हायला पुन्हा तीच वर्षं.

तिनं उकळतं पाणी करून टाकी घासली. घासता घासता रडली. लिलाबाई दारात उभी होती, आत यायची तिची हिंमत होत नव्हती. "म्या मारलं व तुह्यं काम," ती म्हणत होती. "मले काय समजते? म्या कायले हात लावला?" धम्मदीपानं मागं वळून पाहिलं नाही. रागापेक्षा तिला थकवा जास्त होता. तो थकवा मी ओळखतो.

आणि मी? टाकीतला मी संपलो होतो. पण पिंपळावरचा मी होतो की. पानावर पडून मला सगळं कळत होतं. हाक मारायला मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तर मारली असती का, हे विचाराल तर लाज वाटेल असं उत्तर आहे. नसती मारली. मला वाटलं, सुटलो. आता कुणी ढवळणार नाही, कुणी वाळवणार नाही. पान आहे तोवर पानावर राहीन आणि पान गळेल तेव्हा मातीत जाईन. लिलाबाईचं रडणं तेवढं ऐकवत नव्हतं.

आठवडाभरानं धम्मदीपानं बॅग भरली. मायलेकींचं बोलणं कामापुरतंच चाललं होतं. जेवायला ये, येतो, एवढंच. पंजाबराव एकदा म्हणाले, "अवं, तिनं काय जानूनबुजून केलं?" तर धम्मदीपा म्हणाली, "मले मालूम हाये बाबा. म्हनूनच तं बोलता नाही येत." सकाळच्या एसटीनं रिसोडला आणि तिथून पुण्याला असं ठरलं. निघण्याआधी ती विहारात पाया पडायला आली.

लिलाबाई तिथंच होती. सवयीनं बादली घेऊन आली होती, पण बादलीत साधं पाणी. ती ओंजळीनं पानांवर शिंपडत होती आणि पुटपुटत होती. लेक आल्याचं तिला कळलं नाही.

"आता साधंच पानी हाये बाप्पा. टाकीचं पानी होतं तवर कसं टवटवीत राह्यत होतं तू."

धम्मदीपा पायरीवर थबकली. "कोनतं पानी, आई?"

लिलाबाई दचकली. हातातलं पाणी सांडलं. "काही नाही."

"टाकीचं पानी म्हनली तू. धुतलेलं? ते तं चुन्यात ओताचं होतं ना?"

लिलाबाईनं मान खाली घातली. एवढी मोठी बाई, पण शाळेत उभं केल्यासारखी उभी राहिली. "जित्तं पानी चुन्यात नाही ओतवलं मले. इथंच टाकत होतो. पानाईवर बी." मग घाबरतच विचारलं, "हे बी चुकलं काय व माय?"

धम्मदीपा पिंपळाजवळ आली आणि एक पान उलटं करून बोटांवर धरलं. मी त्याच्यावरच होतो. "चुकलं," ती म्हणाली. "लय चुकलं." आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. लिलाबाईला त्यातलं काही समजलं नाही. पण लेक आठवड्यानं अंगाला लागली होती, तेवढ्यानंच तीही रडली.

एसटी आली, उभी राहिली, गेली. धम्मदीपा घरी जाऊन चपट्या बशा घेऊन आली. तिनं पान खुडायला हात घातला तेव्हा लिलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"तोडू नको. बोधीचं झाड हाये. अन् समदेच नको नेऊ. झोपले असतीन."

झोपले असतील! हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. आजवर माझ्या झोपेची चौकशी कुणी केली नव्हती. धम्मदीपानं पान खुडलं नाही. फांदी हळूच वाकवली, पान बशीवर दाबलं आणि सोडून दिलं, पहिल्या वेळी सोयाबीनचं सोडलं होतं तसंच. पान परत वर गेलं आणि हलत राहिलं. अर्धा मी बशीत, अर्धा मी पानावर.

काही दिवसांनी बशीत पिंपळपान उमटलं, लांब शेपटासकट, गुलाबी. त्यात पिंपळावरचे दुसरेही पाव्हणे होते. धम्मदीपानं सगळ्यांना टाकीइतक्या कडक स्पिरिटात घातलं. बाकीचे राहिले नाहीत, मी राहिलो. बुधल्याला रंग चढला तेव्हा तिनं आईला हाक मारून तो दाखवला. लिलाबाई म्हणाली, "हेच होये माहे लेकरं. मी रंगावरून वळखतो." या वेळी मात्र ठेवणीच्या नळ्या तीन ठिकाणी गेल्या, त्यातली एक फुलसिंगच्या घरच्या फ्रीजात, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे.

आखाड लागायच्या आत मानोऱ्याला पीठ पोचलं. पुण्याला नकार कळवून झाला. आणि मी पुन्हा टाकीत. खालून बुडबुडे, वरून थेंब, खा, वाढा, दाट व्हा. मला हे हवं होतं असं म्हणणार नाही. दमलो होतो तसाच दमलोय. शेतात नवं सोयाबीन दोन-चार पानांवर आलंय, त्यावर माझे आळशी भाईबंद नुकतेच जन्मले असतील. त्यांना कुणाचा अंगठा न लागो.

परवा आषाढ पौर्णिमा झाली. विहारात पुन्हा खीर होती. दुपारी लिलाबाई वाटी घेऊन शेडकडे आली. धम्मदीपा आत काम करत होती, तिनं नुसतं वर पाहिलं. लिलाबाई आत आली नाही. दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे फतकल मारून बसली आणि टाकीकडे बघत म्हणाली, "तुमाले नाही चालत, मालूम हाये मले. मंग तुमच्या नावानं मीच खातो." तिनं पहिला घास घेतला. धम्मदीपा हात धुऊन बाहेर आली, आईजवळ बसली, आणि त्याच वाटीत तिनं बोटं घातली. "अन् हा पानावरच्याईच्या नावानं," ती म्हणाली.

मला खीर चालत नाही. पण ती दोघींनी संपवली तेव्हा माझं पोट भरल्यासारखं झालं, हे सांगितलं पाहिजे.

माझं मागणं थोडकं आहे. टाकीतला मी राबतो, राबू दे. तुमच्या कोंबड्या वाढू देत, ही पोर घरी राहू दे. पण कधी रिठदला आलात आणि विहारासमोरच्या त्या पिंपळापाशी उभे राहिलात, तर पानाला हात लावू नका. फांदी हलवू नका. पान गळायला अजून पुष्कळ अवकाश आहे, आणि तिथला मी झोपलोय.